हरुद बघायचा तर मुक्काम श्रीनगरात

काश्मीरच्या नेहमीच्या सहलीचं गणित ठरलेलं असतं: श्रीनगरला एक दिवस, उरलेले गुलमर्ग, पहलगाम आणि सोनमर्गला. बर्फ बघायचा असेल तर ते ठीक आहे. हरुदमधले, म्हणजे काश्मीरच्या शरदातले, पानांचे रंग बघायचे असतील तर हे गणित उलटं करावं लागतं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथल्या उतारांवर देवदार, कैल, फर ही बारमाही हिरवी झाडं आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे पिवळं पडलेलं गवत दिसतं. रंग बदलणारं झाड शोधावं लागतं. हरुदमध्ये रंग बदलणारं काश्मीरचं मुख्य झाड म्हणजे चिनार. तो राहतो खाली, खोऱ्याच्या तळाशी, साधारण १,६०० मीटरवर. म्हणजे श्रीनगर, बिजबेहारा, अनंतनाग, गांदरबल, बडगाम या पट्ट्यात. त्यामुळे हरुदसाठी जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच गोष्ट आधी सांगतो. सहा रात्री असतील तर निदान चार श्रीनगरात ठेवा.

दुसरी गोष्ट तारखेची. रंग वरून खाली उतरतो. सोनमर्गच्या वरच्या अंगाला भूर्जाची झाडं सप्टेंबरअखेरीपासून सोनेरी व्हायला लागतात. पहलगामच्या लिद्दर खोऱ्यात अक्रोड, विलो आणि पॉपलर ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पिवळे होतात. श्रीनगरातले पॉपलर त्यानंतर आणि चिनार सगळ्यांत शेवटी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात चिनाराचा शेंडा पिवळसर दिसतो, पण खालच्या फांद्या हिरव्याच असतात. महिनाअखेरीस झाड मधाच्या रंगावर येतं. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात केशरी, मग तांबूस, मग गंजलेल्या लोखंडासारखा गडद रंग येतो आणि त्याच काळात पानांचा सडा पडतो. वीस नोव्हेंबरनंतर बहुतेक फांद्या उघड्या पडतात. वर्षागणिक यात आठवडाभराचा फरक पडतो, त्याहून जास्त क्वचितच. एकच आठवडा निवडायचा असेल तर आम्ही १ ते ८ नोव्हेंबर निवडू. झाडावरही पानं असतात आणि खालीही.

आता अडचण येते ती दिवाळीच्या सुटीची. आपल्याकडे मुलांची शाळा आणि ऑफिसची रजा दोन्ही दिवाळीला बांधलेली. दिवाळी मात्र चांद्र पंचांगावर सरकते आणि चिनार सूर्याच्या हिशेबाने चालतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. त्या आठवड्यात गेलेल्यांना श्रीनगरात पिवळे पॉपलर आणि बरेचसे हिरवे चिनार मिळतात. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. सुटी आणि चिनार एकाच वेळी. २०२७ ला ते २९ ऑक्टोबरला येतं, म्हणजे भाऊबीज आटोपून निघालात तर बेत जमतो. २०२८ ला पुन्हा १७ ऑक्टोबर. अशा लवकरच्या वर्षी दोनच मार्ग: सुटीत पहलगामची बाजू आणि लिद्दरकाठचे अक्रोड-विलो बघायचे, नाहीतर दिवाळीनंतर वेगळी रजा काढायची. लवकरच्या दिवाळीत श्रीनगरचे लाल चिनार दाखवू असं कुणी सांगत असेल तर त्या भरवशावर पैसे भरू नका.

रंग नेमका कशाने चढतो हे कळलं की हवामानाचा अंदाज वाचणं सोपं जातं. दिवस लहान झाले की पान हरितद्रव्य बनवायचं थांबवतं. असलेलं हळूहळू मोडतं आणि त्याखाली आधीपासून असलेले पिवळे-नारिंगी कॅरोटिनॉइड दिसू लागतात. लाल रंग मात्र नव्याने बनतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन पानाची वाट बंद व्हायला लागते, साखर पानातच अडकते आणि लख्ख उन्हात तिच्यापासून अँथोसायनिन तयार होतं. त्यासाठी स्वच्छ ऊन आणि थंड पण न गोठणाऱ्या रात्री लागतात. सतत ढगाळ राहिलं तर रंग पिवळ्यावर अडतो. उन्हाळा कोरडा गेला तर पानाच्या कडा आधीच करपतात आणि झाड सरळ तपकिरी होतं. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरचा देशी बदाम पान गाळण्याआधी असाच लाल होतो. सह्याद्रीतल्या कुसुंबाची लाली वेगळी. ती वसंतातल्या कोवळ्या पालवीची.

एकाच बागेत शेजारशेजारचे दोन चिनार वेगवेगळ्या टप्प्यावर असतात. पाण्याच्या अगदी काठावरचं झाड जास्त दिवस हिरवं राहतं. उघड्यावरचं आणि उन्हाकडे तोंड केलेली बाजू आधी बदलते. म्हणून एक बाग हिरवी दिसली तर निराश होऊन हॉटेलवर परतू नका. रस्ता ओलांडून पलीकडे बघा. आणि जाण्याआधीच मनाची तयारी असू द्या की मोबाईलवर येणाऱ्या फोटोंमधला कुंकवासारखा लाल रंग बऱ्याचदा वाढवलेला असतो. चिनाराचा खरा रंग तांब्याचा आहे. ऊन पानातून आरपार आलं की तो पेटतो. ढगाखाली तोच रंग मातकट वाटतो.

पोहोचायचे मार्ग दोन. मुंबईहून श्रीनगरला थेट विमानं आहेत. पुण्याहून बहुतेक वेळा दिल्लीत विमान बदलावं लागतं आणि दिल्लीत त्या दिवसांत सकाळी धुकं-धुरकं असतं, त्यामुळे दोन विमानांमध्ये तीन तासांहून कमी अंतर ठेवू नका. श्रीनगरला जाताना विमानात उजवी किंवा डावी खिडकी असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. उतरायची दिशा वाऱ्यावर ठरते. दुसरा मार्ग रेल्वेचा. जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. साधारण तीन तासांचा प्रवास आहे आणि वाटेत नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा चिनाब पूल लागतो. वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्सप्रेस कटऱ्यापर्यंत जाते, पुण्याहून झेलम एक्सप्रेस जम्मूपर्यंत. जोडगाडी त्याच दिवशी पकडायचा बेत आखू नका. लांब पल्ल्याची गाडी उशिरा येते, म्हणून कटऱ्याला किंवा जम्मूला एक रात्र धरा.

निघण्याआधी एक गोष्ट तपासा: सिमकार्ड. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, फक्त पोस्टपेड चालतात. घरातल्या निदान एकाकडे पोस्टपेड हवं, नाहीतर श्रीनगर विमानतळावर उतरल्यावर ड्रायव्हरला फोन करणंही जमत नाही. तिकिटं, हॉटेलचे पत्ते आणि आधारकार्ड कागदावरही ठेवा. आधारकार्ड बागेच्या दारापासून नाक्यापर्यंत कुठेही मागितलं जातं. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर खोऱ्यातली अनेक स्थळं बंद केली होती आणि ती टप्प्याटप्प्याने उघडत गेली. त्यामुळे एखादी बाग यादीत असली तरी ती आज उघडी आहे का हे आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला किंवा पर्यटन कार्यालयात विचारून घ्या.

राहण्यासाठी लोक दल सरोवराच्या बुलेवार्ड रस्त्यावरचं हॉटेल घेतात. आमचा कल नगीनकडे. नगीन तलाव दलच्या पश्चिमेला, शांत, आणि हजरतबलजवळच्या नसीमबागेपर्यंत पायी जाता येतं. हाऊसबोट घ्यायची तर बुकिंगआधी तीन प्रश्न विचारा. खोलीत बुखारी (खोली ऊबदार ठेवणारी शेगडी) आहे का, गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का, गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत येतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवसा पंधरा-अठरा अंश असले तरी रात्री पारा पाचाच्या खाली जातो, आणि त्या दिवसांत वीज जाते. इलेक्ट्रिक ब्लँकेट वीज असतानाच चालतं. बुखारी लाकडावर चालते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हाऊसबोटीत एकच रात्र काढून बाकीच्या गरम व्यवस्था असलेल्या हॉटेलात काढलेल्या बऱ्या.

बागांचा क्रम उन्हावर लावायचा असतो आणि इथेच बहुतेक सहली चुकतात. झबरवान डोंगर दलच्या पूर्वेला उभा आहे. निशात आणि शालिमार त्याच्या अगदी पायथ्याशी, पश्चिमेकडे तोंड करून. नोव्हेंबरात सूर्योदय पावणेसातच्या सुमाराला होतो, पण डोंगराच्या सावलीमुळे या दोन्ही बागांत ऊन बरंच उशिरा उतरतं. टॅक्सीवाला मात्र सकाळी नऊलाच तिथे नेतो आणि सगळे सावलीतली गार, निर्जीव पानं बघून परततात. या बागा दुपारी अडीचनंतरच्या. सूर्यास्त साडेपाचच्या आसपास असतो, त्याआधीचे दोन तास ऊन तिरपं, सरोवरावरून सरळ झाडांवर येतं.

सकाळ नसीमबागेला द्या. सरोवराच्या पश्चिम काठावरची ही जागा आता काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. बाग अकबराच्या काळातली, आणि शाहजहानच्या काळात इथे सुमारे १,२०० चिनार ओळीने लावल्याचं सांगतात. आज शेकडो उरले आहेत. ना कारंजी, ना फुलांचे वाफे. नुसते खोडांचे खांब आणि वर छत. म्हणूनच आम्हाला ही बाग सगळ्या मुघल बागांपेक्षा मोलाची वाटते. आठच्या सुमाराला पूर्वेकडून ऊन येतं आणि ओळींमधून लांब पट्टे पडतात. प्रवेश विद्यापीठाच्या फाटकातून. ओळखपत्र दाखवावं लागतं आणि परीक्षा किंवा कार्यक्रम असला तर अडवतात. विनंती नीट केली तर सहसा सोडतात. शुक्रवारी दुपारी शेजारच्या हजरतबल दर्ग्यात नमाजाची मोठी गर्दी होते, रस्ता तुंबतो. तो वार टाळा किंवा अकराच्या आत बाहेर पडा. विद्यार्थिनींचे फोटो न विचारता काढू नका. हे सांगावं लागतं, कारण पर्यटक ते सर्रास करतात.

दुपारी आधी शालिमार, मग निशात. शालिमार १६१९ मधली, जहांगीरची. मधल्या कालव्याच्या दोन्ही बाजूंना चिनारांची रांग. निशात १६३३ मधली, आसफखानाची, बारा टप्प्यांची. निशातला सर्वांत वरच्या टप्प्यावर आधी चढून मग खाली उतरत यावं. वरून पाहिलं की तांबड्या शेंड्यांच्या पलीकडे सरोवर दिसतं, आणि उतरताना ऊन समोरून येत असल्याने पानं पेटलेली दिसतात. चढत गेलं तर ऊन पाठीशी राहतं आणि तेच झाड सपाट दिसतं. डलगेटहून या बाजूला मिनीबस मिळतात. दोघं-तिघंच असाल तर टॅक्सीची गरज नाही. सरोवरातल्या चार चिनार बेटावर शिकाऱ्याने जायचं तर निघण्याआधी दर आणि वेळ दोन्ही ठरवून घ्या. घाटावर दरपत्रक लावलेलं असतं.

एक पूर्ण दिवस दक्षिणेला द्या, आणि तो रेल्वेने. श्रीनगर स्टेशन नौगामला आहे, दल सरोवरापासून रिक्षाने अर्धा-पाऊण तास. बारामुल्ला-बनिहाल मार्गावरच्या लोकल गाड्या पांपोर, अवंतीपुरा, बिजबेहारा, अनंतनाग अशा थांबतात. तिकीट अगदी स्वस्त, तासाभरात बिजबेहारा. खिडकीतून पॉपलरच्या पिवळ्या भिंती, सफरचंदाच्या बागा आणि भात कापलेली शेतं दिसतात. महामार्गावर याच दिवसांत सफरचंदाचे ट्रक तुंबलेले असतात, तो त्रास गाडीत नाही. परतीच्या गाडीची वेळ मात्र उतरताच विचारून घ्या, संध्याकाळच्या फेऱ्या कमी असतात.

बिजबेहाऱ्याची पादशाही बाग दारा शिकोहने झेलमच्या दोन्ही काठांवर वसवली. इथले काही चिनार इतके अवाढव्य आहेत की खोडाला कवेत घ्यायला सात-आठ माणसं कमी पडतात. पर्यटक कमी, गावातली मुलं क्रिकेट खेळत असतात. जवळच संगम आणि हलमुला ही बॅट बनवणारी गावं. रस्त्याच्या कडेला विलोच्या फळ्यांचे ढीग वाळत असतात. वेळ उरला तर अनंतनागहून अच्छाबलची बाग गाठावी. झऱ्याचं पाणी आणि चिनार एकत्र बघायला तिच्यासारखी दुसरी जागा नाही. वयाने सर्वांत मोठं झाड बघायचं असेल तर ते दुसऱ्या दिशेला, बडगाम जिल्ह्यात छत्तरगामला आहे. १३७४ साली सय्यद कासिम शाह यांनी लावलेलं, असं मानतात. चिनार हा जम्मू-काश्मीरचा राज्यवृक्ष आहे आणि परवानगीशिवाय तोडता येत नाही. अलीकडे हजारो चिनारांची मोजणी करून खोडांवर क्यूआर कोडच्या पाट्या लावल्या आहेत. मोबाईलने त्या वाचल्या की झाडाचा घेर आणि साधारण वय कळतं. त्या पाटीला टेकून फोटो काढताना ती उखडू नका.

पांपोरचं केशर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत फुलतं. चिनारही तयार आणि केशरही शेतात, असे दिवस थोडेच: २८ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबरच्या आसपास. शेतावर सकाळी आठ-नऊपर्यंत पोहोचायला हवं, कारण फूल उमलताच वेचून घेतात आणि दुपारी शेत रिकामं दिसतं. वाफ्यांमधल्या चरातूनच चाला. एका फुलात तीनच केसर असतात, एक ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. शेतात उभं राहून कुणी स्वस्त केशर देऊ लागला तर हा हिशेब आठवा. विकत घ्यायचं तर भौगोलिक मानांकनाची खूण असलेली सीलबंद डबी घ्या.

फोटोंबद्दल. मोबाईलवर उजळ पानावर बोट ठेवून प्रकाश थोडा कमी करा. तसाच काढला तर केशरी रंग सपाट होऊन पानाच्या शिरा नाहीशा होतात. कॅमेऱ्याला पोलरायझर लावला तर ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि रंग भरतो. ड्रोन घरीच ठेवा, परवानगीशिवाय उडवता येत नाही. विमानतळ आणि सुरक्षा चौक्यांकडे कॅमेरा वळवू नका.

काय बिघडू शकतं? सर्वांत मोठा धोका वाऱ्यासह येणाऱ्या पावसाचा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, आला की एका रात्रीत निम्मी पानं खाली येतात. २०१८ आणि २०१९ मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात श्रीनगरातही बर्फ पडला आणि फळं-पानं अंगावर असलेली सफरचंदाची झाडं त्या वजनाने मोडली. म्हणून अंदाजात पाऊस दिसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आदल्या दिवशीच नसीमबाग आणि निशात उरकून घ्या. गुलमर्ग-सोनमर्ग शेवटच्या दोन दिवसांत ठेवा, तेही याचसाठी. पाऊस झाला तर वर ताजा बर्फ मिळतो, पण खालची पानं परत मिळत नाहीत. पावसानंतरच्या सकाळी ओल्या पानांच्या सड्यावर पाय घसरतो, विशेषतः बागांच्या दगडी पायऱ्यांवर. चांगल्या पकडीचे बूट हवेत, चपला नकोत.

दुसरी अडचण धुराची. गळलेली पानं गोळा करून, धुमसवून, वर पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करतात आणि तो हिवाळाभर कांगडीत, म्हणजे अंगाशी धरायच्या निखाऱ्यांच्या भांड्यात, वापरतात. प्रशासन पानं जाळण्यावर बंदी घालतं, तरी नोव्हेंबरच्या मध्यात संध्याकाळी सरोवरावर निळसर थर बसतो आणि समोरचा डोंगर पुसट होतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी मास्क आणि औषध जवळ ठेवावं आणि लांबची दृश्यं सकाळी उशिरा, हवा मोकळी झाल्यावर बघावीत. पानं वेचणाऱ्या बायकांच्या ढिगात उड्या मारून रील काढणाऱ्या पर्यटकांचा आम्हाला मनापासून राग येतो. तो त्यांचा हिवाळ्याचा साठा आहे.

सकाळी लवकर बाहेर पडायचं तर हॉटेलचा नाश्ता मिळत नाही. कांदुरच्या, म्हणजे काश्मिरी नानवाल्याच्या, भट्ट्या पहाटेच सुरू होतात; गिर्दा किंवा त्सोचवोर ही तिथली रोटी आणि नून चाय यावर दहापर्यंत निघतं. नून चाय खारट असते, पहिल्यांदा घेणाऱ्यांनी अर्धाच कप मागावा. मांसाहारी असाल तर थंडी पडताच जुन्या शहरात हरीसा (घोटून शिजवलेलं मटण) मिळू लागतो, तोही भल्या सकाळीच संपतो.

पानं घरी आणायची असतील तर झाडावरची तोडू नका, खालची उचला, आणि तीही सकाळी. दवाने ती लवचिक असतात. दुपारपर्यंत कुरकुरीत होऊन हातातच मोडतात. देठाशी अजून थोडा पिवळेपणा असलेलं पान निवडा, पूर्ण तपकिरी झालेलं पान पुढे काळवंडतं. वर्तमानपत्राच्या घडीत एकेक सुटं ठेवून वर जड बॅग ठेवा आणि पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला. ओल राहिली तर बुरशीचे ठिपके येतात. विमानात ही घडी हातातल्या बॅगेत, पाठीकडच्या सपाट बाजूला ठेवा. श्रीनगर विमानतळावर आवाराच्या फाटकाशीच सगळं सामान गाडीतून उतरवून एकदा तपासतात, आत पुन्हा तपासणी होते; सुट्ट्यांत रांग लांब असते. त्यामुळे विमानाच्या तीन तास आधी फाटकाशी पोहोचायच्या बेताने हॉटेल सोडा.